व्यायामशाळा व आत्मसंरक्षणविद्या, वऱ्हाडातील

शरीर सुदृढ ठेवणे आणि प्रसंगी हल्ल्यापासून स्वतःचा बचाव करता येणे, ह्या दुहेरी उद्देशाने विद्यार्थ्यांना एकत्र आणून दिले जाणारे शारीरिक शिक्षण व ते देणाऱ्या संस्था ह्यांचा वऱ्हाडातील इतिहास. कुस्ती, लाठी, फरीगदगा, बिनोट ह्या देशी विद्यांपासून मुष्टियुद्ध, ज्यूदो, कराटे आणि थाय बॉक्सिंग (मुए थाय) ह्या परदेशी विद्यांपर्यंत अनेक प्रकारांचा ह्या शिक्षणाशी संबंध आला. विद्या बदलत गेल्या, तरी त्या शिकविण्याची चौकट पुष्कळशी तीच राहिली. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, शिकविणारा वस्ताद, बरोबरीचा जोडीदार आणि बळाच्या वापराला मर्यादा घालणारे नियम ही त्या चौकटीची अंगे होत. नवी विद्या ह्या चौकटीत कितपत बसते, ह्यावरच ती विद्यार्थ्यांत रुजणे अवलंबून राहिले, असे ह्या इतिहासावरून दिसून येते.

प्रदेश : विदर्भाच्या पश्चिम भागास वऱ्हाड म्हणतात. त्यातील वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म होय. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. १८५३ च्या तहान्वये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. इंग्रजी अमदानीत वाशीम हा काही काळ स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोला जिल्ह्यात विलीन करण्यात आला. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन सध्याचा वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा व कारंजा हे त्याचे सहा तालुके होत. उच्च शिक्षणाच्या दृष्टीने हा भाग १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या व १९८३ पासून अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. त्यामुळे वाशीम परिसरातील शारीरिक शिक्षणाचा इतिहास अकोला व विशेषतः अमरावती ह्या केंद्रांपासून वेगळा करून सांगता येत नाही.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात मल्लविद्येचा शास्त्रीय विचार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या मानसोल्लास ह्या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार व सराव ह्यांचे वर्णन आढळते. समर्थ रामदासांच्या काळी मारुतीची मंदिरे व बलोपासना ह्यांचा संबंध दृढ झाला. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेले बाळंभटदादा देवधर ह्यांनी मल्लखांबाच्या विद्येस नवे रूप दिले. त्यांच्या शिष्यपरंपरेने ही विद्या महाराष्ट्राबाहेर काशीपर्यंत नेली.

गावोगावच्या आखाड्यांत जोर, बैठका, करेल व मल्लखांब ह्यांच्या जोडीने कुस्तीचे डावपेच शिकविले जात. लाठी, बोथाटी, पट्टा व फरीगदगा हे प्रकार शस्त्रविद्येचे होत. ह्यांखेरीज निःशस्त्र माणसाने सशस्त्र हल्लेखोराशी कसा सामना द्यावा, हे शिकविणारी बिनोट ही स्वतंत्र विद्या होती. हल्लेखोराला शक्यतो इजा न करता त्याच्या हातातील शस्त्र काढून घेण्याच्या युक्त्या बंदेश ह्या नावाने ओळखल्या जात. आजच्या अर्थाने जिला आत्मसंरक्षण म्हणतात, त्या कल्पनेच्या ह्या दोन विद्या सर्वांत जवळच्या होत. वज्रमुष्टी हा मुठीत अणकुचीदार साधन धरून खेळावयाचा द्वंद्वप्रकार गुजरात व म्हैसूर येथील ज्येष्ठीमल्लांनी जतन केला. मात्र तो दरबारी व जोखमीचा असल्याने विद्यार्थ्यांच्या शिक्षणात त्यास स्थान मिळाले नाही. वस्ताद निवडक पठ्ठ्यांनाच सर्व विद्या देत असे व त्यासाठी शिष्याची दीर्घकाळ पारख होई. इजा करू शकणारी विद्या अपात्र हाती जाऊ नये, ही काळजी ह्यामागे होती. त्याचबरोबर शिकणाऱ्यांची संख्या मर्यादित राहिली आणि काही विद्या वस्तादाबरोबरच नामशेष झाल्या.

शस्त्रबंदी व व्यायामसंघ : १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी लोकांच्या शस्त्र बाळगण्यावर निर्बंध आले. त्यानंतरच्या काळात लाठी व लाकडी हत्यारे ह्यांच्या साह्याने केला जाणारा सराव हा जुन्या शस्त्रविद्येचा मुख्य आधार राहिला. ह्याच सुमारास इंग्रजी शिक्षण घेणाऱ्या तरुणांत शारीरिक दुर्बलता ही राष्ट्रीय उणीव होय, ही भावना वाढली. पुण्यात दामोदर व बाळकृष्ण चापेकर ह्या बंधूंनी १८९५ च्या सुमारास तरुणांचा एक व्यायामसंघ काढला होता. बंगालमध्ये १९०२ साली स्थापन झालेल्या अनुशीलन समितीचा आरंभही व्यायाम व लाठीच्या वर्गांनी झाला. ह्या काळात आत्मसंरक्षण ह्या शब्दाला सामूहिक व राजकीय अर्थ होता. व्यक्तीच्या बचावापेक्षा समाजाच्या सिद्धतेवर त्यात भर होता. त्यामुळे सरकारी अधिकारी आखाड्यांकडे संशयाने पाहू लागले. दुसऱ्या बाजूस, वस्तादाच्या मर्जीवर चालणारा आखाडा घटना, वर्गणी, हजेरी व वेळापत्रक असलेल्या मंडळाचे रूप घेऊ लागला.

ह्या परिवर्तनास बडोद्याचा मोठा हातभार लागला. जुम्मादादा ह्या मुसलमान वस्तादांचे शिष्य प्रो. माणिकराव ह्यांनी तेथील जुम्मादादा व्यायाममंदिरात देशी व्यायामास सांघिक शिस्तीची जोड दिली आणि कवायतीसाठी देशी भाषेतील आज्ञाशब्द रूढ केले. एका वस्तादाने चार-सहा शिष्य घडविण्याऐवजी एका शिक्षकाने शेकडो मुलांना एकाच वेळी शिकविणे त्यामुळे शक्य झाले. बडोद्याचेच दत्तात्रय चिंतामण ऊर्फ आबासाहेब मुजुमदार ह्यांनी संपादिलेला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश (१९३६–४९) हा ह्या चळवळीचा वाङ्मयीन कळस होय. बिनोट, बंदेश ह्यांसारख्या मुखपरंपरेने चालत आलेल्या विद्या त्यात प्रथमच सचित्र व तपशीलवार नोंदल्या गेल्या. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) व मुंबईतील दादरचे समर्थ व्यायाम मंदिर (१९२५) ह्या संस्थाही ह्याच काळातील होत.

श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ : वऱ्हाडात ह्या चळवळीचे केंद्र अमरावती हे झाले. अंबादासपंत व अनंत कृष्ण वैद्य ह्या बंधूंनी १९१४ मध्ये तेथे हनुमान आखाड्याची स्थापना केली. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ विकसित झाले. देशी व पाश्चात्त्य व्यायामप्रकारांना एकाच संस्थेत स्थान देणे आणि विद्यार्थ्यांबरोबरच शिकविणारे शिक्षकही तयार करणे, ही ह्या मंडळाची दोन वैशिष्ट्ये होत. व्यायामशिक्षकांच्या वर्गांमुळे येथील पद्धती वऱ्हाडातील लहान गावांतील शाळांपर्यंत पोहोचली. एखाद्या गावात वस्ताद नसला, तरी शाळेत प्रशिक्षित व्यायामशिक्षक असू शकतो, ही नवी परिस्थिती ह्यातून निर्माण झाली. १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डी व अन्य भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. परदेशी प्रेक्षकांसमोर मांडण्यासाठी खेळाला निश्चित नियम व सांघिक शिस्त असावी लागते, हा विचार देशी खेळांच्या पुढील संघटनेस उपकारक ठरला.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर सामूहिक सिद्धतेचे कार्य शासनाने आपल्याकडे घेतले. १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. १९५४ मध्ये जगन्नाथराव भोसले ह्यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय शिस्त योजना सुरू झाली. शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास आले. कुस्तीची सूत्रे १९५३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेकडे गेली व १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरू लागली. ह्या वाटणीत एक गोष्ट मात्र मागे पडली. कवायतीने शिस्त लागली आणि स्पर्धांनी खेळाडू घडविले. परंतु सामान्य विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने अंगावर आलेला हल्ला कसा चुकवावा, हे शिकविणारी व्यवस्था दोन्हींत नव्हती. लाठी व फरीगदगा स्नेहसंमेलनातील व मिरवणुकीतील प्रात्यक्षिकांपुरते उरले. आत्मसंरक्षणासाठी परदेशी विद्यांकडे तरुणांचे लक्ष वळण्यामागे ही पोकळी हे एक कारण होते.

पौर्वात्य विद्यांचा प्रवेश : विद्यार्थ्यांमार्फत युद्धविद्येचा प्रसार होण्याची प्रक्रिया जपानात आधीच घडून आली होती. जिगोरो कानो ह्यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही संस्था काढून जुन्या जुजुत्सूतील घातक डाव वगळले व ज्यूदो ही शिक्षणास योग्य अशी विद्या सिद्ध केली. ओकिनावा बेटावरील कराटे ही विद्या गिचिन फुनाकोशी ह्यांनी जपानच्या मुख्य भूमीवर आणली. तोक्यो येथील केईओ विद्यापीठात १९२४ मध्ये तिचे पहिले विद्यापीठीय मंडळ स्थापन झाले. भारतात रवींद्रनाथ टागोरांनी शांतिनिकेतनात १९०५ मध्ये जिन्नोसुके सानो व १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी ह्या जपानी शिक्षकांना पाचारण केले. ताकागाकींच्या वर्गात मुलींचाही समावेश होता. परदेशी आत्मसंरक्षणविद्या भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षणाचा भाग म्हणून देण्याचा हा महत्त्वाचा आरंभीचा प्रयत्न होय.

मुष्टियुद्ध इंग्रजी लष्कर व मिशनरी शाळा ह्यांच्यामार्फत आले. मुंबई इलाख्यात १९२५ मध्ये हौशी मुष्टियुद्धाची संघटना झाली व अखिल भारतीय महासंघ १९४९ मध्ये अस्तित्वात आला. कराटेचा भारतातील प्रसार १९७० नंतर वेगाने झाला. त्यास एंटर द ड्रॅगन (१९७३) ह्यासारख्या चित्रपटांची लोकप्रियता कारणीभूत झाली. कराटे व तायक्वांदो ह्यांतील पट्ट्यांच्या रंगांनी दर्शविलेली श्रेणीपद्धती विद्यार्थी व पालक ह्यांना शालेय परीक्षांप्रमाणे सोयीची वाटली. ह्याच वाटेने पुढे थाय बॉक्सिंगही महाराष्ट्रात आले. आज राज्यातील शहरांत व तालुक्यांच्या गावीही ह्या विद्यांचे वर्ग चालतात.

थाय बॉक्सिंग : थायलंडमधील मुए थाय ह्या द्वंद्वप्रकारास इतरत्र थाय बॉक्सिंग म्हणतात. दोन मुठी, दोन कोपरे, दोन गुडघे व दोन नडग्या ह्यांनी प्रहार करता येत असल्याने तीस अष्टांगांची विद्या असे म्हटले जाते. प्रतिस्पर्ध्याच्या मानेस वा खांद्यास उभ्याने मिठी घालून त्यास रोखणे व गुडघ्याने प्रहार करणे, हे तिचे खास अंग होय. आयुथ्थयाच्या पाडावानंतर (१७६७) ब्रह्मी राजाच्या बंदीत असलेल्या नाय खानोम तोम ह्या योद्ध्याने १७७४ मध्ये राजापुढे अनेक प्रतिस्पर्ध्यांना हरविले, अशी आख्यायिका आहे. १७ मार्च हा दिवस त्याच्या स्मरणार्थ पाळला जातो. लढतीपूर्वी योद्धा वाय क्रू हा गुरुवंदनेचा विधी करतो. त्यातील क्रू हा शब्द संस्कृत गुरू ह्या शब्दावरून आलेला आहे. आखाड्यात उतरण्यापूर्वी मातीला व वस्तादाला नमस्कार करणाऱ्या पैलवानास हा विधी अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

ह्या विद्येचा आधुनिक इतिहास वऱ्हाडातील आखाड्यांच्या इतिहासाशी काही बाबतींत समांतर आहे. राजा वजिरावुध (कार. १९१०–२५) ह्याच्या काळात ती राष्ट्रीय अस्मितेचे साधन बनली. बँकॉकमधील सुआन कुलाप ह्या शाळेच्या मैदानावर १९२१ मध्ये तिच्या लढतींसाठी कायम स्वरूपाचे रिंगण उभारण्यात आले आणि त्यांचे उत्पन्न राजाने स्थापिलेल्या स्वयंसेवक दलाच्या शस्त्रनिधीसाठी वापरले गेले. तत्पूर्वी योद्धे हातांना दोर गुंडाळून लढत. १९२० नंतरच्या दशकात, लढतीत मृत्यू ओढवल्यानंतर, दोरांऐवजी हातमोजे आले. वेळेच्या फेऱ्या, वजनगट व पंच ही व्यवस्था रूढ झाली. राजदम्नन (१९४५) व लुंपिनी (१९५६) ही बँकॉकची दोन प्रमुख क्रीडागृहे होत. व्यावसायिक लढत सामान्यतः तीन मिनिटांच्या पाच फेऱ्यांची असते. हौशी लढतींत शिरस्त्राण, छातीचे कवच आणि कोपरे व नडग्या ह्यांवरील आवरणे वापरली जातात. आंतरराष्ट्रीय हौशी महासंघ १९९३ मध्ये स्थापन झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१६ मध्ये ह्या विद्येस तात्पुरती व २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. मात्र ऑलिंपिकच्या स्पर्धाक्रमात तिचा समावेश झालेला नाही.

विद्यार्थी मंडळात ह्या विद्येचे शिक्षण सामान्यतः दोरीवरच्या उड्या, एकट्याने हवेत प्रहार करण्याचा सराव, भरीव पिशवीवरील आघात व जोडीदाराने धरलेल्या गाद्यांवरील आघात ह्या क्रमाने होते. दम, कमरेची लवचिकता, पायांची चपळाई व तोल ह्यांची त्यामुळे वाढ होते आणि ह्या लाभासाठी प्रत्यक्ष लढत खेळण्याची आवश्यकता नसते. डोक्यावर वारंवार बसणारे प्रहार मेंदूस अपायकारक असल्याने वाढत्या वयातील मुलांच्या बाबतीत ही मर्यादा महत्त्वाची ठरते. आत्मसंरक्षणाच्या दृष्टीने पाहता, अगदी जवळ आलेल्या हल्लेखोराविरुद्ध कोपर व गुडघा ही परिणामकारक साधने होत. परंतु मुए थाय ही रिंगणातील विद्या आहे. एक प्रतिस्पर्धी, रिकामे हात व पंचाची उपस्थिती तीत गृहीत धरलेली असते. शस्त्रधारी हल्लेखोर किंवा एकापेक्षा अधिक हल्लेखोर ह्यांचा विचार तीत नाही, तसेच जमिनीवर पडल्यानंतरची झुंजही नाही. ह्यांपैकी पहिल्या प्रसंगाचा विचार बिनोटीने व अखेरच्या प्रसंगाचा कुस्तीने केला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मुलींचे शिक्षण : जुन्या आखाड्यांत मुलींना सहसा प्रवेश नसे. लंगोट, ब्रह्मचर्य व मारुतीची उपासना ह्यांभोवती उभी राहिलेली आखाड्याची संस्कृती पुरुषप्रधान होती. थायलंडमध्येही स्थिती वेगळी नव्हती. लुंपिनीच्या रिंगणास स्त्रियांनी स्पर्श करू नये असा दंडक होता व तेथे स्त्रियांची पहिली लढत नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. महाराष्ट्रात स्त्रियांसाठीची पहिली महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा २०२३ मध्ये सांगली येथे भरली. ह्या तुलनेत शाळा-महाविद्यालयांतील कराटे व तत्सम विद्यांच्या वर्गांनी मुलींना लवकर प्रवेश दिला. ह्या वर्गांचे खरे ऐतिहासिक महत्त्व त्यांतील डावपेचांपेक्षा ह्या प्रवेशात आहे.

डिसेंबर २०१२ मधील दिल्ली येथील अत्याचाराच्या घटनेनंतर मुलींच्या आत्मसंरक्षणाचा प्रश्न देशभर ऐरणीवर आला. समग्र शिक्षा ह्या केंद्रीय योजनेखाली सहावी ते बारावीच्या विद्यार्थिनींसाठी सरकारी शाळांत राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचे आत्मरक्षण प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ग्रामीण भागातील मुलींपर्यंत हे शिक्षण पोहोचविण्याचे हे एक व्यापक साधन होय. तथापि तीन महिन्यांत शिकलेले डाव नित्य सरावाअभावी विस्मरणात जातात. वस्तादाच्या आखाड्यात एकच डाव वर्षानुवर्षे घोटून घेतला जाई, तो ह्याच कारणासाठी. मुदतीच्या वर्गानंतर मुलींना रोज जाता येईल अशी व्यायामशाळा गावात नसेल, तर शिक्षणाचा आरंभ होतो, पण ते पुढे चालत नाही.

कायदा व मर्यादा : शरीर व मालमत्ता ह्यांच्या खाजगी बचावाचा हक्क १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये मान्य केलेला होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो तसाच राखलेला आहे. बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि सरकारी यंत्रणेचे साहाय्य घेण्यास अवधी असल्यास हा हक्क पोहोचत नाही, ही त्याची दोन मुख्य बंधने होत. हल्लेखोराला शक्यतो इजा न करण्याचा बंदेशातील संकेत, घातक डाव वगळणारा ज्यूदो, हातमोजे व पंच स्वीकारणारी मुए थाय आणि आवश्यकतेपुरतेच बळ मान्य करणारा कायदा ह्या सर्वांत एकच तत्त्व निरनिराळ्या रूपांनी आढळते.

समालोचन : वऱ्हाडातील विद्यार्थ्यांच्या व्यायामसंस्थांनी शतकाहून अधिक काळात तीन स्थित्यंतरे पाहिली. वस्तादाच्या आखाड्याचे मंडळ झाले, मंडळातील शिक्षण शाळेच्या वेळापत्रकात गेले आणि सामूहिक सिद्धतेचे ध्येय मागे पडून व्यक्तीचा, विशेषतः स्त्रीचा, बचाव हे ध्येय पुढे आले. प्रत्येक स्थित्यंतरात काही लाभले व काही गमावले. दार अधिकांना उघडले, पण वस्तादाची दीर्घ पारख व रोजचा सराव विरळ झाला. थाय बॉक्सिंग ही ह्या मालिकेतील अलीकडची विद्या होय. तिचे परकेपण ही तिच्या मार्गातील अडचण नाही. लाठी व कुस्ती ह्यांच्या शेजारी ज्यूदो व मुष्टियुद्ध ह्यांना ह्यापूर्वीच जागा मिळालेली आहे. अमरावतीच्या मंडळाने देशी व परदेशी व्यायामप्रकार एकत्र नांदू शकतात हे दाखवून दिले आणि त्यासाठी गावोगाव जाणारा प्रशिक्षित शिक्षक घडविला. वाशीमसारख्या ग्रामीण जिल्ह्यात कोणतीही आत्मसंरक्षणविद्या टिकावयाची झाल्यास असा शिक्षक, रोज उघडणारी जागा व मुलामुलींना सारखा प्रवेश ह्या तीन गोष्टी तिच्या नावापेक्षा अधिक निर्णायक ठरतात.